पीएफची तक्रार, नोकरीवरून काढणं आणि नवऱ्याला पोलिसांचा मार: आमच्या केसची पूर्ण हकीकत

सप्टेंबर २०२५ मध्ये आमची कामगार न्यायालयाची भानगड एकदाची संपली, त्याच्या साधारण वर्षभर आधी मानवी हक्क आयोगाचा निकाल आला होता. मधल्या तीन वर्षांत मी कितीतरी रात्री मोबाईलवर शोधत बसायचे, की आपल्यासारखं अजून कुणाचं झालंय का, पहिल्यांदा जायचं कुठे, किती दिवसांच्या आत जायचं, पैसे किती लागतात, आणि मराठीत धड काही सापडायचंच नाही, सापडलं तर नुसती कलमं. म्हणून जे जसं झालं तसं क्रमाने लिहितेय. कंपनीचं आणि पोलीस स्टेशनचं नाव लिहिणार नाही, कंपनीच्या बाबतीत तर सेटलमेंटमध्ये तशी अटच आहे.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते, २०१३ पासून. नवऱ्याचा छोटा हत्ती आहे, तो भाडी मारतो. मे २०२२ मध्ये सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं म्हणून पीएफमधून ॲडव्हान्स काढायला उमंग ॲप उघडलं, तर पासबुकात नोव्हेंबर २०२१ नंतर एकही एन्ट्री नाही. पगाराच्या स्लिपवर मात्र दर महिन्याला बारा टक्के व्यवस्थित कापलेले. लाइनवरच्या बाकीच्या बायकांना त्यांचं पासबुक बघायला लावलं, सगळ्यांचं तेच. कापलेले पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. एचआरला विचारलं तर भरतो भरतो, थोडा फंडाचा प्रॉब्लेम आहे. महिनाभर वाट बघितली आणि जूनमध्ये ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी ऑफिसच्या, तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, यूएएन (आपला पीएफचा) नंबर टाकून तक्रार केली. पगाराच्या सहा स्लिपांचे फोटो आणि पासबुकाचा स्क्रीनशॉट जोडला. पैसे काही लागत नाहीत, नंबर एसएमएसवर येतो, तो जपून ठेवा.

जुलैत ईपीएफओचे अधिकारी कंपनीत येऊन रजिस्टरं बघून गेले, पुढे रीतसर पीएफ कायद्याच्या सात-अ कलमाची, कंपनीकडे किती बाकी ते ठरवायची, चौकशी लागली. आणि ऑगस्टपासून माझ्या मागे मेमो सुरू झाले. चार मिनिटं उशीर, कामात हलगर्जीपणा, सिनियरशी उद्धट वर्तन. जनरल शिफ्टवरून सेकंड शिफ्टला टाकलं, मग क्वालिटीतून काढून पॅकिंगला. नऊ वर्षांत मला एक मेमो नव्हता.

मेमो घ्यायचा नाही असं लाइनवर सगळे सांगत होते. पण आमच्याकडे पूर्वी युनियनचं काम केलेले एक काका आहेत, त्यांनी सांगितलं की घ्यायला नकार दिला की ते वेगळं गैरवर्तन धरतात, ताई तू घे, आणि त्यांच्या कॉपीवर लिही 'मिळाला, मजकूर मान्य नाही', खाली सही आणि तारीख. मग दोन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आणि आपल्या कॉपीवर टाइम ऑफिसचा इनवर्डचा शिक्का मागायचा, शिक्का नाही दिला तर रजिस्टर एडीने पाठवायचं. मी प्रत्येक मेमोला हेच केलं. पुढे कोर्टात याचा फार उपयोग झाला.

१४ ऑक्टोबरला कंपनीने नोटीस दिली की क्वालिटीतला प्लग गेजचा (पार्टच्या भोकाचं माप तपासायच्या साधनांचा) सेट गायब आहे आणि तो शेवटचा माझ्याकडे होता. मी तेव्हा पॅकिंगला होते हेही कुणी लक्षात घेतलं नाही. १८ ऑक्टोबर, मंगळवार, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी पोलीस स्टेशनमधून फोन आला, कंपनीचा अर्ज आलाय, चौकशीला या. मी निघाले होते, नवरा म्हणाला तू थांब, मी जाऊन विचारून येतो.

तो परत आला रात्री एक वाजून गेल्यावर. जिन्यात आवाज ऐकून दार उघडलं तर भिंतीला धरून एकेक पायरी चढत होता, चपला हातात. तळपायांवर पट्ट्याने मारलं होतं. कानाखाली सूज. पाणी प्यायला आणि एवढंच म्हणाला की ते सांगतायत, बायकोला सांग पीएफचा अर्ज मागे घे, गेजचं आम्ही बघून घेतो.

मला तेव्हा कलम बिलम काही माहीत नव्हतं. पण काकांना फोन लावला आणि ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा, सकाळ होऊ देऊ नको, प्रायव्हेटला जाऊ नको. रिक्षाने गेलो. दहा रुपयांचा केसपेपर काढला. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं की एमएलसी करा, म्हणजे मारहाणीची केस म्हणून दवाखान्यात नोंद. त्यांनी आधी विचारलं कुणी मारलं, आम्ही सांगितलं, तर पेन थांबलं त्यांचं. मग म्हणाले की मी बघितलं नाही कुणी मारलं, पण तुम्ही जे सांगताय ते तुमच्या नावावर लिहितो, आणि लिहिलं, 'पोलिसांनी मारहाण केल्याचे सांगतात', खाली दोन्ही तळपायांवरच्या वळांची लांबी सेंटीमीटरमध्ये, वेळ रात्री दोन वाजून वीस मिनिटं. पुढच्या दोन वर्षांत आमच्याकडचा सगळ्यात मोठा कागद हाच ठरला. तुमच्यावर कधी अशी वेळ आलीच तर बाकी सगळं नंतर, आधी केसपेपर, आणि त्यावर वेळ लिहिलीय ना ते बघा.

नंतर वकिलांकडून जे कळलं ते सांगते. साक्षीदार म्हणून किंवा माहिती विचारायला बाईला पोलीस स्टेशनला बोलावताच येत नाही, ती राहते तिथे येऊन विचारावं लागतं, आणि बोलावणं लेखी हवं. तेव्हा हे सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, १६० कलमात होतं. संशयित म्हणून बोलवायचं तर ४१-अ ची लेखी नोटीस. अटक केली तर अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, हे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून ठरलेलं आहे. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत नोटीस नाही, अटक नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही. म्हणजे कागदावर तो त्या रात्री तिथे गेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कागद टाकले. एक पोलीस आयुक्तांना आणि त्या स्टेशनच्या पीआयना रजिस्टर एडीने अर्ज, की १८ तारखेच्या संध्याकाळी सहा ते रात्री दीडपर्यंतचं सीसीटीव्ही फुटेज जतन करून ठेवा. दुसरा माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, तेच फुटेज आणि त्या दिवसाचा स्टेशन डायरीचा उतारा. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी केसमध्ये सांगितलंय की प्रत्येक पोलीस स्टेशनात सगळीकडे कॅमेरे हवेत आणि फुटेज अठरा महिने, निदान वर्षभर तरी, साठवून ठेवायला हवं. त्या निकालाचं नाव अर्जात लिहायचं. तीस दिवसांत उत्तर आलं की तांत्रिक बिघाडामुळे फुटेज उपलब्ध नाही, आणि डायरीचा उतारा देता येत नाही कारण तपासात बाधा येईल. आम्ही वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं, त्यात उतारा मिळाला. त्यात आमचं नावच नव्हतं, पण नाव नसणं हाच पुरावा होता. फुटेज नाही असं लेखी मिळणं हेही तसंच, त्यामुळे नकार आला म्हणून नाराज होऊ नका, नकार लेखी घ्या.

दिवाळी आमच्या घरात झाली नाही. नवरा गाडीवर जायचाच नाही, दार वाजलं की आतल्या खोलीत. मुलगी तेव्हा आठवीत होती, तिला आम्ही सांगितलं की पप्पा गाडीतून पडले, आणि तिने काही विचारलं नाही यावरून मला कळलं की तिला सगळं माहितीय. सासूबाई म्हणायच्या मागे घे तो अर्ज, पैसे गेले तर गेले. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला राहून राहून वाटायचं की आमच्याच पगारातून कापलेले पैसे मागितले म्हणून माझ्या माणसाने मार खायचा?

१८ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने काढलं. पत्रात लिहिलं होतं की व्यवस्थापनाचा विश्वास उरलेला नाही. चार्जशीट नाही, खातेचौकशी नाही. फुल अँड फायनलच्या कागदावर सही केली तर चेक लगेच देतो म्हणाले, मी सही केली नाही. त्यांनी नंतर एक महिन्याचा पगार खात्यात टाकला तेव्हा लगेच पत्र पाठवलं की ही रक्कम हक्क राखून स्वीकारतेय.

आता घड्याळांचं, म्हणजे मुदतींचं, सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. नोकरीवरून काढल्यावर तेव्हा आमच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, औद्योगिक विवाद कायद्याच्या २-अ कलमाखाली कामगार आयुक्तांकडे जायचं, तिथे समेट झाला नाही तर ४५ दिवसांनी थेट लेबर कोर्टात जाता येतं, त्याला तीन वर्षांची मुदत. दुसरी, महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला सगळे एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात, त्यात अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट लेबर कोर्टात करायची, अंतरिम आदेशही मागता येतो, पण मुदत फक्त नव्वद दिवस. त्याच्या परिशिष्ट चारमध्ये पहिलाच मुद्दा सूडबुद्धीने कामावरून काढण्याचा आहे. आमच्या वकिलांनी दुसरी वाट घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये तक्रार दाखल केली.

हे वकील आम्हाला त्या युनियनवाल्या काकांच्या ओळखीने मिळाले, तीस हजार ठरले, हप्त्याने. पण हे जरूर लिहून ठेवा की जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आम्ही तिथेही गेलो, नवऱ्याच्या प्रकरणातला सगळा सल्ला तिथल्या मॅडमनीच दिला, त्याला उत्पन्नाचा दाखला लागला तेवढाच.

वकिलांनी पहिल्या भेटीत फाइल उघडलीच नाही. म्हणाले, ताई, एक दोनशे पानी वही घ्या आणि मधोमध रेघ मारा, डावीकडे तुम्ही काय केलं, उजवीकडे कंपनीने काय केलं, तारखेने. मी घरी बसून लिहिलं. डावीकडे जून, पीएफची तक्रार. जुलै, अधिकारी आले. उजवीकडे ऑगस्ट, पहिला मेमो. ऑगस्ट, शिफ्ट बदली. सप्टेंबर, पॅकिंग. डावीकडे ११ ऑक्टोबर, सात-अ च्या चौकशीत माझा जबाब. उजवीकडे १४ ऑक्टोबर, गेज गायब. १८ ऑक्टोबर, पोलीस. पान वाचताना माझ्या अंगावर काटा आला. 'तू तक्रार केलीस म्हणून काढतोय' असं कुठलीच कंपनी लिहून देत नाही, ते दिसतं फक्त तारखांच्या क्रमात. आमची पूर्ण केस त्या एका पानावर उभी राहिली, त्यामुळे तुमची वही आजच सुरू करा, आठवणीवर सोडू नका, आणि प्रत्येक तारखेसमोर कुठला कागद आहे ते लिहा, कागद नसेल तर कोण होतं ते.

पोलिसांच्या बाजूचं वेगळंच घड्याळ होतं. मी मॅडमना म्हणाले, मला नुकसानभरपाईचा दावा लावायचाय. त्यांनी समजावलं की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १६१ कलमात, अधिकाराच्या आडून केलेल्या गोष्टीवर दावा करायचा तर सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. शिवाय शासनाला प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० कलमाखाली दोन महिन्यांची नोटीस. पट्ट्याने मारणं हे काही कुठल्या अधिकारात येत नाही, तेव्हा १६१ लागूच होत नाही असंही म्हणता येतं, पण समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढणार, म्हणून सहा महिने धरूनच चाला. म्हणजे आमची शेवटची तारीख १८ एप्रिल २०२३.

जानेवारीतच दोन्ही नोटिसा पाठवल्या, अधिकाऱ्यांना नावाने आणि शासनासाठी कलेक्टर ऑफिसला. कलेक्टर ऑफिसच्या टपाल खिडकीवर हातोहात देऊन आपल्या कॉपीवर शिक्का घेतला. नोटीस मिळाल्यावर आठवड्याभरात फोन सुरू झाले. नगरसेवकाचा माणूस घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, वहिनी, भाऊंची गाडी रोज रस्त्यावर असते, उगाच कशाला. मी तो गेल्यावर लगेच वहीत लिहिलं, तारीख, वेळ, शब्द. नवऱ्याने त्या दिवसापासून गाडीत डॅशकॅम लावला.

नोव्हेंबर २०२२ मध्येच आम्ही महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे मुंबईला अर्ज केला होता. त्याला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत साध्या कागदावर चालतो, फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. फेब्रुवारीत आयोगाने पोलिसांकडून अहवाल मागवल्याचं पत्र आलं. आणि इथे खरा पेच पडला. तोच विषय कोर्टात प्रलंबित असला की आयोग सहसा हात घालत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये दावा लावला तर आयोगाची तक्रार बंद पडण्याची भीती, आणि दावा नाही लावला तर सहा महिन्यांची मुदत गेली की गेली. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, २००६ च्या प्रकाश सिंग निकालामुळे आलेलं, पण एकाच वेळी दोन आयोगांपुढे एकच तक्रार चालत नाही.

आम्ही त्यावर कितीतरी रात्री बोललो. दाव्यात मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी, वर्षानुवर्षं तारखा, आणि नवऱ्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून तेच सगळं पुन्हा सांगायचं. आयोगात रक्कम कमी, निकाल म्हणजे शासनाला शिफारस, पण पोलिसांना कागद घेऊन यावं लागतं आणि आयोगाला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. शेवटी नवराच म्हणाला, मला पैसे नको, त्यांनी लिहून द्यावं की मी त्या रात्री तिथे होतो. १८ एप्रिल आम्ही जाऊ दिली. दुसऱ्या कुणासाठी दावा हाच बरोबर रस्ता असेल, विशेषतः जबर दुखापत असेल किंवा कमावता माणूस घरी बसला असेल तर, आणि हायकोर्टात रिटही करता येते, १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून कोर्टं थेट भरपाई देत आलीत. पण ठरवायचं ते मुदत संपायच्या आत, दोन्हीकडचं तोलून.

आयोगाच्या काही तारखा मुंबईत, सीएसएमटीच्या समोर, काही व्हिडिओवर झाल्या. पोलिसांचा अहवाल आला की अर्जदाराला चौकशीसाठी बोलावलं होतं आणि एका तासात सोडून दिलं. आयोगाने विचारलं, मग डायरीत नोंद का नाही. फुटेज मागितलं, तर तेच तांत्रिक बिघाडाचं उत्तर. विचारलं, बिघाडाची तक्रार कुठल्या तारखेला नोंदवली, ती दाखवा. ती नव्हती. आणि आमच्याकडे रात्री दोन वीसचा केसपेपर. ऑगस्ट २०२४ मध्ये आदेश आला, शासनाने एक लाख रुपये द्यावेत आणि संबंधित अधिकाऱ्यांची विभागीय चौकशी करावी. आदेशात एक वाक्य आहे की अर्जदार त्या रात्री पोलीस ठाण्यात होता हे पोलिसांच्या स्वतःच्या अहवालावरून सिद्ध होते. नवऱ्याने ते पान लॅमिनेट करून कपाटात ठेवलंय. पैसे मिळायला बरीच स्मरणपत्रं लागली, २०२५ उजाडलं.

लेबर कोर्टात मात्र वाट लांब होती. कामावर परत घ्या असा अंतरिम अर्ज जून २०२३ मध्ये नामंजूर झाला. वकिलांनी आधीच सांगितलं होतं की अंतरिममध्ये हे मिळणं अवघड, कारण तो जवळपास शेवटचाच निकाल होतो, तरी त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. घर चालवायला डबे सुरू केले, सात आठ डब्यांपासून. वकिलांनी विचारलं तेव्हा हे खरं सांगितलं आणि ॲफिडेव्हिटमध्ये लिहिलं. मागच्या पगारासाठी आपण दुसरीकडे पगारी कामाला नव्हतो हे आपण सांगायचं असतं, मग तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मालकावर जाते. २०१३ च्या दीपाली गुंडू सुरवसे निकालात हे आहे, तीही आपल्याकडचीच शिक्षिका, शाळेच्या व्यवस्थापनाने सूडाने काढलेली, आणि सुप्रीम कोर्टाने तिला पूर्ण मागचा पगार दिला. मी ज्या ज्या कंपन्यांत नोकरीला अर्ज केले त्यांचे ईमेल आणि पोच जपून ठेवल्या होत्या, त्या लावल्या.

कंपनीचा मोठा मुद्दा होता की मी कामगारच नाही. अपॉइंटमेंट लेटरवर हुद्दा होता क्वालिटी सुपरवायझर, आणि त्या पगाराचा सुपरवायझर असेल तर तो कायद्याने कामगार धरला जात नाही, म्हणजे केसच उडते. पण कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी विचारलं, तुमच्या हाताखाली किती माणसं होती. म्हटलं, एकही नाही. रजा कोण मंजूर करायचं? मॅनेजर. मग तुम्ही काय करत होता? मी सांगितलं, साहेब, हातात व्हर्नियर घेऊन दर तासाला पाच पीस मोजायचे आणि रिपोर्टवर आकडे लिहायचे. आमच्या वकिलांनी इन्स्पेक्शन रिपोर्ट पुढे केले, शेकडो पानं, प्रत्येक रकान्यात माझं अक्षर, खाली माझी छोटी सही. जज साहेबांनी दोन तीन पानं उलटून बघितली. तुमच्या लेटरवर ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह काहीही लिहिलेलं असू दे, रोजच्या कामाचा कागद जपा.

आणि गेज. ज्यांनी क्वालिटीत काम केलंय त्यांना माहितीय की प्रत्येक गेजवर नंबर कोरलेला असतो आणि कॅलिब्रेशनचा, म्हणजे गेजचं स्वतःचं माप बरोबर आहे का ते तपासल्याचा, स्टिकर असतो, पुढची तारीख कधी ते लिहिलेला. मला आठवत होतं की त्या सेटची तारीख ऑक्टोबर २०२२ होती. मी वकिलांना म्हणाले, गेज चोरीला नाही, कॅलिब्रेशनला गेला असणार. त्यांनी कोर्टात अर्ज केला की कंपनीने ऑक्टोबरचं कॅलिब्रेशन रजिस्टर आणि मटेरियल बाहेर जातानाचे चलन हजर करावेत. कंपनीने दोन तीन तारखा टाळलं, मग आणलं. स्टोअरचे एक जुने कर्मचारी साक्षीला होते. त्यांना चलन दाखवलं, ११ ऑक्टोबरचं, त्यावर तोच गेज नंबर. ही सही कोणाची? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, माझीच. त्यांची नोकरी अजून तिथेच होती. बाहेर आल्यावर मी त्यांना नमस्कार केला, ते काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली घेऊन निघून गेले. मोबाईलवरचे मेसेज दाखल करायचे असतील तर सोबत पुरावा कायद्याच्या ६५-ब चं सर्टिफिकेट लागतं हे मात्र विसरू नका, आमच्या लाइनच्या ग्रुपवरचे स्क्रीनशॉट त्यामुळेच वाचले.

मार्च २०२५ ला निकाल लागला. काढणं बेकायदेशीर, सेवेत सलगता ठेवून कामावर परत घ्या, मागचा साठ टक्के पगार द्या. साठच का, तर डब्यांचं उत्पन्न धरून. मला तो निकाल न्याय्य वाटला. कंपनी औद्योगिक न्यायालयात रिव्हिजनला गेली, तिथे अर्धी रक्कम भरण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली, आणि मग त्यांच्याकडूनच बोलणी सुरू झाली. मी परत जायचं नाही असं ठरवलं. त्या गेटमधून रोज आत जायची माझी तयारी नव्हती आणि डबे आता पन्नासच्या वर गेलेत. रक्कम लिहिता येत नाही, पण अटी सांगते कारण त्या मागून घ्याव्या लागतात. ग्रॅच्युइटी वेगळी, रकमेत मिसळायची नाही. सर्व्हिस सर्टिफिकेटवर काढल्याचा उल्लेख नको. पोलिसांकडचा गेजचा अर्ज कंपनीने लेखी मागे घ्यायचा. मागच्या पगारावरचा पीएफ भरायचा आणि पासबुकात दिसल्यावरच पुरसीस, म्हणजे केस मिटल्याचं कोर्टाला लेखी, द्यायची. वकील, झेरॉक्स, नोटरी, टपाल, प्रवास सगळं धरून आमचे साधारण साठ हजार गेले. मूळ पीएफचे पैसे कंपनीला २०२३ मध्येच व्याज आणि दंडासकट भरावे लागले होते, लाइनवरच्या सगळ्या बायकांचे.

मागचा पगार एकदम मिळाला की टीडीएस कापला जातो, तेव्हा रिटर्न भरायच्या आधी टॅक्सच्या सवलतीचा ऑनलाइन फॉर्म भरा (आमच्या वेळी तो कलम ८९ चा १०-ई होता), नाहीतर त्या एका वर्षात जास्त टॅक्स बसतो. आणि आमची केस जुन्या कायद्यांवर चालली हे ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे १६० चं १७९ झालंय आणि ४१-अ ची नोटीस ३५ मध्ये गेलीय, ६५-ब साठी आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३ कलम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोडही लागू झालेत, त्यामुळे तुम्हाला नंतर काढलं असेल तर कुठल्या कायद्यात जायचं आणि मुदत किती हे पहिल्याच आठवड्यात लेबरच्या वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारून घ्या.